घंटाळीजवळचे आहार सल्ला केंद्र : थायरॉइड सांभाळून वजन उतरवताना आलेला सात महिन्यांचा अनुभव

ठाण्याच्या नौपाड्यात घंटाळी देवीच्या मंदिराजवळच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका आहारतज्ज्ञ बाईंचे लहानसे सल्ला केंद्र आहे. गेल्या सात महिन्यांत मी तेथे अकरा वेळा गेले. या काळात माझे वजन ७४.६ किलोवरून ६९.२ किलोवर आले आणि कंबरेचा घेर ९६ सेंटिमीटरवरून ८९ सेंटिमीटर झाला. महिन्यात आठ-दहा किलो उतरवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपुढे हे आकडे लहान दिसतील. तरीही चार वर्षे थायरॉइडची गोळी घेणाऱ्या आणि तितकीच वर्षे वजनापुढे हात टेकलेल्या माझ्यासारखीला या केंद्राने जे दिले, ते सविस्तर लिहावे असे मनापासून वाटते. केंद्र बाई एकट्याच चालवतात. आपले नाव कोठे जाहीर लिहिले जाऊ नये, अशी त्यांची इच्छा असल्याने मी ते येथे दिलेले नाही.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचे मूल्यमापन समजणार नाही. माझे वय ४८, उंची १५६ सेंटिमीटर. एका सहकारी बँकेच्या शाखेत मी दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसून काम करते. चार वर्षांपूर्वी सतत थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठ आणि पंख्याखालीही थंडी वाजणे अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे गेले. तेव्हा रक्तातला टीएसएच (थायरॉइड मंदावली की वाढणारे संप्रेरक) वाढलेला निघाला आणि पुढच्या तपासणीत अँटी-टीपीओ प्रतिपिंडेही वाढलेली आढळली. शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते अशा या विकाराचे वर्णन जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मला लेव्होथायरॉक्झिन या थायरॉइड संप्रेरकाची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि पुढे ती ७५ वर गेली. थकवा बराच ओसरला, थंडी वाजणे थांबले, परंतु वजन मात्र जागचे हलले नाही.

त्या काळात मी जी चूक केली तीही लिहायला हवी. घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या, वातानुकूलित वजन नियंत्रण केंद्रात मी थायरॉइडसाठीचे खास पॅकेज म्हणून २८,००० रुपये भरले. तेथे पहिल्याच दिवशी कोबी, फ्लॉवर, गहू, दूध आणि भात बंद झाले, रात्रीच्या जेवणाऐवजी सोया प्रथिनांची पावडर आली आणि केसांसाठी बायोटिनच्या कॅप्सूल हातात पडल्या. दोन महिन्यांत सहा किलो उतरले. जिना चढताना पाय लटपटू लागले, बँकेत दुपारी तीननंतर रकमा जुळवताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि पॅकेज संपल्यावर पाच महिन्यांत ते सहा किलो परतले, शिवाय आणखी दोन चढले. मी तक्रार केली तेव्हा तेथील समुपदेशक मुलीने सांगितले की, थायरॉइडवाल्यांचे वजन उतरतच नाही. पैशांपेक्षा ते वाक्य मला जास्त महागात पडले, कारण पुढची दीड वर्षे मी ते खरे मानून चालले.

घंटाळीच्या केंद्राची माहिती शेजारच्या इमारतीतील एका ओळखीच्या बाईंकडून मिळाली. फोनवर वेळ ठरवताना तिकडून आलेली सूचना मला विचित्र वाटली होती. मागच्या दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाची पट्टी किंवा बाटली घेऊन यायची होती. त्याबरोबर घरात रोज वापरली जाणारी भाजीची वाटी, चहाचा कप आणि तेलाची पळीही आणायची होती. मी स्वयंपाकघरातून पळी पिशवीत टाकली तेव्हा सासूबाईंनी ती कशाला नेतेस असे विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

पहिली भेट एक तास वीस मिनिटांची झाली. खोली लहान आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा, भिंतीवर टांगलेली मोजपट्टी आणि खिडकीशी हात धुण्याचे भांडे. बाईंनी प्रथम माझे वजन, उंची, कंबर मोजली आणि आकडे मला दिसतील अशा रीतीने वहीत लिहिले. भारतीय शरीरयष्टीसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता मानली जाते, तर बायकांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, हे त्यांनी सांगितले. माझा बीएमआय ३० च्या वर होता. तो आकडा त्यांनी मऊ शब्दांत गुंडाळला नाही आणि त्यावरून मला भीतीही घातली नाही. त्यानंतर माझ्या वाटीत, कपात आणि पळीत पाणी भरून ते मोजपात्रात ओतले. वाटी १८० मिलिलिटरची निघाली, कप १५० चा आणि पळी १८ ची. मग त्यांनी प्रश्न विचारला, ‘‘ताई, तुमच्याकडे तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो?’’ मी म्हटले, ‘‘महिनाभर. आम्ही चौघे आहोत.’’

त्यांनी माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला. पाच लिटर तेल तीस दिवसांत चौघांनी संपवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे ३८ ग्रॅम तेल येते. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी असल्याने नुसत्या तेलाच्या दिवसाला साधारण ३४० कॅलरी होतात. पोळीवरचे तूप, दाण्याचे कूट आणि ओले खोबरे त्यात धरलेले नाही. आमच्या घरी तळण आठवड्यातून एखाद्याच वेळी होते, म्हणून आपण तेल कमी खातो अशी माझी पक्की समजूत होती. त्यातले बरेचसे तेल रोजच्या भाजी-आमटीच्या फोडणीत जात होते, आणि त्या पळीने दोन्ही वेळा मिळून सहा पळ्या होत होत्या. डब्याच्या आणि पळीच्या हिशेबापुढे माझी समजूत टिकली नाही.

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकताना मला खरे तर वाईट वाटले. थायरॉइड मंद झाल्याने जे वजन वाढते ते बहुतेकांमध्ये मर्यादित असते. ते साधारण दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असते आणि त्यातही मोठा भाग शरीरात साठलेल्या मिठाचा व पाण्याचा असतो. गोळीने टीएसएच मर्यादेत आला की तेवढे वजन पुष्कळ अंशी उतरू शकते. मी सहा वर्षांत १३ किलो वाढले होते. उरलेल्या वजनाचे कारण खाणे, बसणे, वय आणि घटलेले स्नायू यांत शोधावे लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले. इतकी वर्षे सगळा दोष मी गळ्यातल्या त्या लहान ग्रंथीवर टाकला होता. घरी येताना रिक्षात मी गप्प बसून होते. परंतु दोन दिवसांनी त्याच वाक्याने धीर दिला, कारण १३ किलोंपैकी बरेचसे माझ्या हातात आहे असाही त्याचा अर्थ होत होता.

आता या सेवेतील, माझ्या मते, सर्वांत मोलाच्या भागाविषयी. बाईंनी माझा आदला दिवस सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत मिनिटांच्या हिशेबाने विचारला. मी सांगितले की, सहा वाजता उठून उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, वीस मिनिटांनी चहा आणि चहाबरोबर गुडघ्यासाठी दिलेली कॅल्शियमची गोळी. त्यांनी पेन खाली ठेवले आणि कॅल्शियमची पट्टी उचलून मागची बाजू वाचली. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्तावरच्या काही गोळ्या पोटात लेव्होथायरॉक्झिनला बांधून ठेवतात आणि त्यामुळे ते रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून या औषधांमध्ये आणि थायरॉइडच्या गोळीमध्ये किमान चार तासांचे अंतर लागते. चहा-कॉफी आणि न्याहारीसाठी अर्धा तास, शक्य असल्यास पूर्ण तास जाऊ द्यावा लागतो. जुन्या केंद्राची सोया पावडरही याच शोषणात अडथळा आणत असणार. मी तर सकाळी गोळी गिळत होते आणि वीस मिनिटांनी तिची वाट अडवत होते. हे दोन वर्षे चालू होते.

माझा शेवटचा टीएसएच ८.४, म्हणजे मर्यादेबाहेर होता आणि डॉक्टर गोळी १०० मायक्रोग्रॅमची करण्याच्या विचारात होते. येथे बाईंनी जो संयम दाखवला त्याचे मला विशेष कौतुक वाटते. औषधाच्या मात्रेविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. आढळलेली गोष्ट चार ओळींत लिहून ती चिठ्ठी त्यांनी माझ्या डॉक्टरांना द्यायला सांगितली. डॉक्टरांनी ती वाचली, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितले, मात्रा ७५ वरच ठेवली आणि आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला पाठवले. हे औषध शरीरातून निम्मे कमी व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे कोणताही बदल रक्तात स्थिर व्हायला सहा आठवडे तरी द्यावे लागतात आणि त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करू शकते, असे त्यांनी समजावून सांगितले. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१, म्हणजे मर्यादेत आला. गोळी तीच, मात्रा तीच. फक्त वेळ बदलली होती. उशाशी तांब्याभर पाणी आणि गोळीची बाटली ठेवते, सव्वापाचला गजर होतो, गोळी घेते आणि सव्वासहाला चहा पिते.

केसांच्या कॅप्सूल मी तोपर्यंत अधूनमधून घेतच होते. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांतील थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि पुढे घ्याव्यात की नाही ते डॉक्टरांना विचारावे, ही सूचनाही येथेच मिळाली. आता मी त्या घेत नाही.

आहाराच्या तक्त्याविषयी लोक प्रथम विचारतात, म्हणून लिहिते, पण त्यात चमत्कार काही नाही. मला कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य केलेला नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ला आणि आहारात आयोडीन पुरेसे असले तर रोजच्या प्रमाणात त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, असे बाईंचे म्हणणे आहे, आणि आठवड्यातून दोनदा कोबीची भाजी खाऊनही माझा टीएसएच वर दिल्याप्रमाणे उतरला. त्यांनी मिठाचे पाकीट मात्र आणायला लावले. आमच्याकडे कोणीतरी सांगितले म्हणून वर्षभर सैंधव वापरले जात होते आणि त्या पाकिटावर आयोडीनचा उल्लेखच नव्हता. आपल्या देशात १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी गेले ते त्यातूनच. थायरॉइडच्या संप्रेरकासाठी प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. ते नेहमीच्या आयोडीनयुक्त मिठातून मिळते, त्यासाठी मीठ वाढवायचे नाही आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलही घ्यायच्या नाहीत, कारण हाशिमोटोच्या विकारात आयोडीनचा अतिरेकही घातक ठरू शकतो.

खरा बदल झाला तो प्रथिनांत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. माझी गरज ६० ग्रॅमच्या आसपास निघत होती आणि पोटात जात होती जेमतेम ३८. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री वरण-भात अशा खाण्यात पोट भरते, पण स्नायूंना पुरेसे मिळत नाही. आणि स्नायू घटले की बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. आता सकाळी दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे, दुपारच्या डब्यात पोळ्या तीनऐवजी दोन आणि एक पूर्ण वाटी उसळ, चार वाजता ताक व मूठभर फुटाणे, रात्री ज्वारीची भाकरी आणि त्याबरोबर वालाचे बिरडे, चवळी, डाळ-पालक यांपैकी काहीतरी. बुधवारी आणि रविवारी चेंदणीच्या कोळणीकडून बांगडा किंवा मांदेली येते, ती आता तळण्याऐवजी कालवणात किंवा तव्यावर चमचाभर तेलात होते. चार चहांपैकी दोन राहिले आणि साखर निम्मी झाली. उपासमार कोठेही नाही. फार कमी खाल्ले तर शरीर टी४ या थायरॉइड संप्रेरकाचे कार्यक्षम टी३ मध्ये होणारे रूपांतरच कमी करते आणि थकवा वाढतो, हे कळल्यावर जुन्या केंद्रातील लटपटणाऱ्या पायांचा काहीसा उलगडा झाला.

उपवासांविषयी बाईंनी घेतलेली भूमिका मला अतिशय आवडली. मी संकष्टी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र करते. ते सोडा असे त्यांनी सुचवले नाही. संकष्टीला दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स, मग चंद्रोदयानंतर साडेनऊला पुरणावरणाइतके भरगच्च जेवण असा माझा क्रम होता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यांनी खिचडी एका वाटीवर आणली, तिच्याबरोबर तेवढेच दही आणि काकडीची कोशिंबीर दिली, दुपारी राजगिऱ्याची भाकरी व भोपळ्याची भाजी सुचवली आणि चंद्रोदयानंतर एक मोदक नैवेद्य म्हणून आनंदाने खायला सांगितला. देवाचे म्हणून जे आहे त्याला हात न लावता त्यांनी बाजूचे सगळे नीट केले.

तिसऱ्या भेटीला त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बरोबर आणायला सांगितले. आमच्याकडे फोडणी सासूबाईंच्या हातची असते, म्हणून त्या ७४ व्या वर्षी दोन जिने चढून आल्या. बाईंनी खुर्ची पुढे करून पाणी दिले आणि पळी हातात घेऊन विचारले, ‘‘काकू, ही किती वर्षे आहे तुमच्याकडे?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘माझ्या आईने दिलेली. पन्नास वर्षे झाली.’’ पळी बदला, असे त्यांना कोणीच म्हटले नाही. फोडणीला मोहरी तडतडायला तेल किती लागते, हे बाईंनी त्यांनाच विचारले. सासूबाईंनी थोडा विचार करून सांगितले की मोहरीला पाऊण पळीही पुरते, बाकीचे तेल वर तवंग दिसावा म्हणून असते. दुसऱ्या दिवशी आमच्या तेलाच्या भांड्यात एक जुना पोह्याचा चमचा आला होता. पळी तुपासाठी बाजूला ठेवली होती. सध्या पाच लिटरचा डबा ४८ दिवस पुरतो. या एका गोष्टीने घरातल्या चौघांचेही तेल माणशी ३८ ग्रॅमवरून २४ ग्रॅमवर आले. माझे यजमान दोन किलो उतरले, त्यांना कोणताही तक्ता दिलेला नसताना.

व्यायामात आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम असे ठरले. चालायला मी कचराळी तलावावर जाते. पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून दंड आणि पाण्याच्या बाटल्या उचलणे एवढेच आहे. जिमला जाणे मला जमले नसते आणि त्याचा आग्रहही झाला नाही.

प्रगती सरळ रेषेत झाली नाही. पहिल्या दोन महिन्यांत अडीच किलो उतरले आणि त्यात गोळी नीट लागू पडल्याने निघालेल्या पाण्याचा वाटा असणार, असे बाईंनी आपण होऊन सांगितले. ते श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. गणपतीच्या महिन्यात काटा अजिबात हलला नाही. दिवाळीनंतर ६०० ग्रॅम वाढले. त्या भेटीत मी फराळाविषयी सबबी सांगू लागले तेव्हा त्यांनी फक्त कंबर मोजली. ती एका सेंटिमीटरने कमीच होती. मामलेदार मिसळ मी या सात महिन्यांत चार वेळा खाल्ली, एका पावात आणि आधी सांगून. ठाण्यात राहून ती कायमची सोडण्याचे वचन मी देऊ शकले नसते.

आता उणिवांविषयी. इमारतीला लिफ्ट नाही. थायरॉइड आणि वजन या दोन्हींबरोबर गुडघेदुखी असणाऱ्या बायका पुष्कळ असतात, त्यांना दोन जिने चढायला लावणे ही गंभीर अडचण आहे आणि मोबाइलवर व्हिडिओ कॉलने भेट घेण्याची सोय केवळ फेरतपासणीसाठी आहे, पहिल्या भेटीसाठी नाही. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ६ अशी असल्याने मुंबईला लोकलने जाणाऱ्या नोकरदारांना शनिवारशिवाय पर्याय उरत नाही आणि शनिवार तीन आठवडे आधी भरतात. मला दोनदा अर्धा दिवस रजा टाकावी लागली. चौथी भेट अवघ्या दहा मिनिटांत उरकली गेली, कारण आधीच्या व्यक्तीला वेळ जास्त लागला होता. पहिल्या भेटीचा निवांतपणा नंतर प्रत्येक वेळी मिळत नाही. पहिला तक्ता इंग्रजीत छापलेला होता, तो सासूबाईंना वाचता येईना. मी सांगितल्यावर आठवड्याने मराठीत मिळाला, परंतु नौपाड्यातल्या केंद्राने तो आधीपासून मराठीत ठेवायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे. संदेशाला उत्तर रात्री आठनंतरच येते.

आणखी एक उणीव मला जास्त महत्त्वाची वाटते. माझ्या वयात पाळी अनियमित होते, रात्री घामाने जाग येते, झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी गोड खाण्याची ओढ वाढते. या विषयावर मी दोनदा बोलले, पण त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा यापलीकडे मार्गदर्शन मिळाले नाही. सल्ला योग्यच होता. तरी आहाराच्या अंगाने रात्रीच्या जेवणाची वेळ, संध्याकाळचा चहा अशा गोष्टींचा विचार त्यांनी करायला हवा होता. तो मी नंतर स्वतःच केला आणि पाचनंतरचा चहा बंद केल्याचा थोडा फायदा झाला.

शुल्क असे आहे: पहिल्या भेटीचे १,५०० रुपये, त्यानंतर सहा महिन्यांचे ९,००० रुपये एकरकमी. मध्येच सोडल्यास पैसे परत मिळत नाहीत, हे आधी स्पष्ट सांगितले जाते. सातव्या महिन्याच्या भेटीचे मी ८०० रुपये वेगळे दिले. येथे पावडर, गोळ्या, चहा, बिस्किटे यांपैकी काहीही विकायला ठेवलेले नाही, ही बाब मी शुल्काच्या हिशेबात धरते. ज्यांना फक्त पहिली भेट परवडते त्यांनीही ती घ्यावी. माझ्या बाबतीत कॅल्शियमचा उलगडा त्याच दिवशी झाला होता.

ज्यांना थायरॉइडची लक्षणे आहेत पण तपासणी झालेली नाही, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे; बाईही रिपोर्टशिवाय तक्ता देत नाहीत. गर्भवती किंवा गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या मुलींनी वजनाचा विषय बाजूला ठेवून थेट डॉक्टरांच्या देखरेखीत राहावे, कारण गरोदरपणात गोळीच्या मात्रेची गरज वाढते. आणि एक कळकळीची विनंती. आमच्या शाखेतील एका सहकारी बाईंनी वजन लवकर उतरावे म्हणून स्वतःच्याच मनाने गोळी दीडपट केली होती. महिनाभरात छातीत धडधड, हातांना कंप आणि झोप उडणे सुरू झाले. थायरॉइडची गोळी वजन उतरवण्याचे औषध नाही. ती गरजेपेक्षा जास्त गेली तर हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात. अमेरिकेत तर हे औषध वजन उतरवण्यासाठी वापरू नये, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापणे सक्तीचे आहे. सहकारी बाई आता बऱ्या आहेत आणि त्यांनीही घंटाळीला वेळ घेतली आहे.

माझा बीएमआय अजून २८ च्या वर आहे, म्हणजे काम बरेच शिल्लक आहे. मी पुढचे सहा महिने भरले आहेत आणि या वेळी दोन मागण्या आधीच लिहून दिल्या आहेत: श्रावणाचा तक्ता आषाढातच मिळावा आणि शनिवारची सकाळ ९ ची एक वेळ नोकरी करणाऱ्या बायकांसाठी राखून ठेवावी. पहिली मागणी मान्य झाली आहे. दुसरीचे उत्तर पुढच्या भेटीत मिळणार आहे.